बांधा आणि निगा : आजची भारदस्त गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे अनेक घरांत नव्या गाडीचा विषय निघतो, आणि तो निघाला की बोलणे बहुधा मायलेज, हप्ते आणि एअरबॅगा यांच्याभोवती फिरते. ते योग्यच आहे. मात्र या साऱ्या बोलण्यामागे एक इच्छा असते, जी मोठ्याने फारसे कोणी सांगत नाही. गाडी दारात उभी राहिली की ती भारदस्त दिसावी आणि पाहणाऱ्याला घरच्यांची अभिरुची चांगली वाटावी, ही ती इच्छा. ती इच्छा मला मुळीच हलकी वाटत नाही. आपल्या दिवाणखान्यातले कपाट चार माणसे पाहतात. गाडी मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला पाहावी लागते, म्हणून ती नेटकी असणे हे आपले इतरांप्रती थोडेसे कर्तव्यही आहे.

आज गाडी भारदस्त कशामुळे दिसते, या प्रश्नाचे माझे उत्तर दोन शब्दांचे आहे : बांधा आणि निगा. हे दोन शब्द मी पुन्हा म्हणणार आहे, कारण शोरूममध्ये आपल्याला जे दाखवले जाते त्यात हे दोन्ही बहुधा नसतात. तिथे दाखवला जातो तो टचस्क्रीनचा पडदा, सनरूफ, दिव्यांची नक्षी आणि रात्री आतून उजळणारा चौसष्ट रंगांचा प्रकाश. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पॉवर विंडो, अलॉय व्हील किंवा फॉग लॅम्प दिसले की गाडी वरच्या श्रेणीतली आहे हे कळत असे. आता या सगळ्या गोष्टी छोट्या गाडीतही मिळतात. ज्या वस्तू सगळ्यांकडे आहेत, त्या वस्तूंवरून दर्जा ओळखता येत नाही.

आधी बांधा पाहू. बांधा म्हणजे चाके, काच आणि पत्रा यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण. पुढचे चाक आणि पुढचे दार यांच्यात मोकळे अंतर असले, चाकांच्या पुढेमागे अंग फार लोंबत नसले, आणि चाक त्याच्यावरच्या कमानीत नीट भरून बसलेले असले, की गाडी उभी असतानाही ऐटदार दिसते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचे खांब बारीक होते, काचा मोठ्या होत्या आणि आत बसलेली माणसे बाहेरून पूर्ण दिसत. आज अपघातातल्या सुरक्षेसाठी खांब जाड करावे लागतात आणि पादचाऱ्याच्या डोक्याला मार कमी बसावा म्हणून बॉनेट उंच ठेवावे लागते. ते आवश्यकच आहे. पण त्यामुळे काच कमी आणि पत्रा जास्त, असे गाडीचे रूप झाले, आणि तो जास्तीचा पत्रा शांत ठेवणे हीच रचनाकाराची खरी परीक्षा झाली. पुष्कळांना ती साधत नाही, मग ते दारांवर घड्या पाडतात. एका घडीने काम होत असताना चार घड्या पाडलेली गाडी पाच वर्षांत जुनी दिसू लागते. उलट १९९१ साली पुण्यात बनलेली टाटा सिएरा पाहा. मागच्या बाजूची ती छपरात वळलेली मोठी अखंड काच, ही एकच ठळक कल्पना तिच्यात होती, आणि तेवढ्यावर ती आजही लोकांच्या मनात आहे.

आपल्याकडे बांध्याला आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे कर. २००६ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळू लागली, आणि ती चार मीटरची रेघ अजून कायम आहे. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतरही रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के अशी स्थिती आहे. परिणामी, मागे डिकी असलेल्या सुंदर गाडीची डिकी कापून ती ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवली जाते. पुढून ऐटदार असलेली गाडी मागे आल्यावर एकदम थांबल्यासारखी वाटते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. माझे स्पष्ट मत आहे की चार मीटरमध्ये गाडी घ्यायची असेल, तर मागे आखूड डिकी नसलेली, सरळ हॅचबॅकच घ्यावी. जी गाडी आपल्या लांबीशी प्रामाणिक असते, ती अधिक सभ्य दिसते.

आता मला एक हकिगत सांगायची आहे. हा सगळा विषय मी ज्यांच्याकडून शिकलो, त्या कोल्हापूरच्या एका वृद्ध मिस्त्रींची ही हकिगत आहे.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याला मी कोल्हापुरात होतो. तिथला शाही दसरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. संध्याकाळी दसरा चौकात अंबाबाईची पालखी येते, शमीपूजन होते आणि मग सोने लुटले जाते. या सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकात जर्मनीत बनलेली, भगव्या रंगाची ही मोटार पाहण्यासाठी लोक तासभर आधीपासून जागा धरून उभे असतात. झेपेलिन या वायूने भरलेल्या हवाई जहाजांची इंजिने बनवणाऱ्या कारखान्याची ही गाडी. मीही असाच गर्दीत उभा होतो आणि माझ्या शेजारी हे मिस्त्री होते. शिवाजी उद्यमनगरात त्यांचे डेंटिंग-पेंटिंगचे दुकान होते. मोटार चौकात वळली तेव्हा मी सहज म्हणालो, “रंग किती सुरेख राखला आहे.” ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “पाव्हणं, रंगाकडं नंतर बघा. आधी चाकं बघा. चाकं कुठं बसल्यात ते बघा. मग मडगार्डची रेघ पुढनं निघाली ती कुठं जात्या, ते बघा.”

मी पाहिले. लांब बॉनेटच्या दोन्ही अंगांनी उतरत आलेली ती रेघ कुठेही अडखळत नव्हती. चकाकी होती, पण ती दिव्यांपाशी आणि पुढच्या जाळीपाशी. बाकीच्या अंगावर तिचा पसारा नव्हता. मिस्त्री म्हणाले, “कुठं थांबायचं हे करणाऱ्याला ठावं हुतं.” एवढे बोलून त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दुकानावर चहाला बोलावले, आणि मी गेलो.

दुकानात एक तरुण आपली गाडी घेऊन आलेला होता. त्याने जुनी, पण बऱ्या स्थितीतली एक लहान सेडान विकत घेतली होती आणि दिवाळीनंतर त्याचे लग्न होते. वरात त्याच गाडीतून निघायची होती. त्याने एक यादीच आणली होती : दारांच्या मुठींवर क्रोमची आवरणे, काचांखाली क्रोमच्या पट्ट्या, मागे पंखासारखा स्पॉयलर, काचांना काळी फिल्म, रुंद टायर, आणि ४१४१ हा क्रमांक ‘दादा’ असा वाचला जाईल अशी नंबरप्लेट. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली आहे आणि अशी नंबरप्लेट नियमात बसत नाही, हे मिस्त्रींनी त्याला आधी सांगितले. मग त्यांनी त्या यादीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हे सगळं लावायला तू किती पैसं काढून ठेवल्यास?” त्याने आकडा सांगितला. मिस्त्री म्हणाले, “त्यातलं निम्मं मला दे आणि गाडी ठेवून जा. पसंत नाही पडली तर यादीतलं सगळं लावून देतो, मजुरी घेणार नाही.”

तो गेल्यावर मिस्त्रींनी गाडीवर एकही वस्तू चढवली नाही. त्यांनी उतरवायला सुरुवात केली. आधीच्या मालकाने चिकटवलेल्या दाराच्या कडांवरच्या चकचकीत पट्ट्या काढल्या. मागच्या काचेवरचे विक्रेत्याच्या नावाचे स्टिकर काढले आणि गोंदाचा डाग रॉकेलच्या बोळ्याने पुसला. सीटवर कारखान्यातून आलेले प्लास्टिक अजून तसेच होते, ते फाडून टाकले, तेव्हा आत स्वच्छ राखाडी कापड निघाले. पिवळे पडलेले हेडलाइट पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने घासले. रंगावर रबिंग आणि मेण झाले. शेवटी ते दारांकडे वळले, आणि सर्वांत जास्त वेळ त्यांनी तिथेच दिला. बिजागऱ्यांची झीज पाहिली, खांबावरचे कुलपाचे कडे किंचित आत सरकवले, कडक झालेले रबरी बीडिंग बदलले, आणि बॉनेट व मडगार्ड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी होईस्तोवर बोल्ट सैल करून पुन्हा आवळले. मी विचारले की इतका वेळ दारांवरच का. ते म्हणाले, “गाडीशी माणसाची पैली भेट दारापाशीच हुती.”

ठरल्या वेळी तो तरुण वडिलांना घेऊन आला. गाडी पाहून तो गोंधळला, कारण त्याच्या यादीतले काहीच तिथे नव्हते, आणि तरीही गाडी अधिक मोठी आणि अधिक नवी दिसत होती. मिस्त्रींनी त्याला दार उघडायला सांगितले आणि म्हणाले, “आता दोन बोटांनी लाव.” त्याने लावले. पूर्वी ते दोनदा आपटावे लागे. आता एक भरीव, छोटा आवाज झाला आणि दार बसले. वडील पुढे आले, त्यांनी दुसरे दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि मुलाला विचारले, “ही आपलीच न्हवं?” यादी मिस्त्रींच्या टेबलावर तशीच राहिली.

श्रोतेहो, बांधा आणि निगा. त्या गाडीचा बांधा मुळात चांगला होता. तो चिकटवलेल्या वस्तूंखाली आणि मळाखाली झाकला गेला होता, इतकेच. फटी सारख्या असणे, दार बसण्याचा आवाज, काचेची स्वच्छता आणि हेडलाइटची पारदर्शकता या गोष्टी पाहणाऱ्याला वेगवेगळ्या सांगता येत नाहीत, पण त्याची नजर त्या नोंदवत असते.

हीच गोष्ट मोठ्या कंपन्यांनाही लागू आहे. बीएमडब्ल्यूने २०१९ मध्ये आपल्या ७ सिरीज गाडीची पुढची जाळी सुमारे ४० टक्क्यांनी मोठी केली, तेव्हा जगभर त्यावर चर्चा झाली. जाळी हवा आत घेण्यासाठी असते. ती मोठी करून अधिकार दाखवता येतो, पण रुबाब येतो असे मला वाटत नाही. विजेच्या गाडीला तर पुढे एवढ्या हवेची गरजही नसते, आणि तरीही काही गाड्यांना जाळीचा नुसता मुखवटा चढवला जातो. जे काम करत नाही ते काढून टाकण्याचे धैर्य ज्या गाडीत दिसते, ती मला आजच्या काळातली सुसंस्कृत गाडी वाटते.

गाडीच्या आतल्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो. मोठा पडदा म्हणजे श्रीमंती, ही समजूत आता मागे पडत आहे. एसीचा वेग वाढवण्यासाठी पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावावे लागणे ही चालकाची गैरसोय आहे आणि धोकाही आहे. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न आणि धोक्याचे दिवे यांसाठी हाताला लागणारी स्वतंत्र बटणे किंवा दांड्या असाव्यात अशी अपेक्षा आपल्या गुणांकनात ठेवली आहे. हाताला न पाहता सापडणारे आणि फिरवताना नेमके थांबे जाणवणारे बटण ही आज खरी उंची वस्तू आहे. तसेच आरशासारखे चकाकणारे काळे प्लास्टिक टाळता आले तर टाळावे. शोरूममध्ये ते सुंदर दिसते, पण आपल्याकडच्या धुळीत ते महिन्याभरात ओरखड्यांनी भरते. साधे, मंद, खरखरीत प्लास्टिक दहा वर्षे सभ्य राहते.

रंगाबद्दलही लोक मला नेहमी विचारतात. पांढरा रंग आपल्या उन्हात सोयीचा आहे आणि त्यात काही वावगे नाही. पण ज्या गाडीचा बांधा चांगला आहे, तिला गडद हिरवा, गडद निळा किंवा मातकट तपकिरी असा एकच खोल रंग फार शोभतो. छत वेगळ्या रंगाचे घ्यायचे असेल, तर छत जिथे संपते तिथे पत्र्याची खरी कड आहे का हे पाहावे. मधेच रंग बदललेला असेल तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. आणि इथेच सांगून टाकतो की सुंदर गाडीतून विनाकारण हॉर्न वाजवणारा माणूस त्या गाडीची सगळी शोभा घालवतो. गाडीचा दर्जा तिच्या चालण्यातही असतो, आणि झेब्रा पट्ट्यांपाशी आधीच थांबणारी छोटी गाडी मला फार मोठी वाटते.

तेव्हा या हंगामात गाडी पाहायला जाल तेव्हा ती शोरूमच्या दिव्यांखाली पसंत करू नका; बाहेर, दिवसाच्या उजेडात आणायला सांगा. वीस पावले मागे जाऊन ती बाजूने पाहा, चाके कुठे बसली आहेत आणि काचेखालची रेघ कुठे जाते ते पाहा. मग जवळ येऊन दारांच्या फटींवरून नजर फिरवा, सगळ्या काचा वर करून दार दोन बोटांनी लावून पाहा. आणि गाडी घरी आली की सीटवरचे प्लास्टिक त्याच संध्याकाळी काढून टाका.

नमस्कार.