सावलीची खिडकी, देखाव्याची खिडकी

श्रोतेहो, नमस्कार.

सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळूर, हैदराबाद, मुंबई, दिल्लीला जाणारे कोणी ना कोणी आता आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जवळजवळ प्रत्येक घरात आहे. तिकीट काढून झाले, की मोबाईलवर आसनांचा नकाशा उघडतो आणि घरात चर्चा सुरू होते की खिडकी सावलीच्या बाजूची घ्यावी की देखाव्याच्या. माझे म्हणणे असे आहे, की दोन्हींचे उत्तर बहुधा एकच येते. जी बाजू सावलीची, तीच देखाव्याची.

याचे कारण साधे आहे. सूर्य ज्या बाजूला असतो, त्या खिडकीतून पाहिले तर डोळे दिपतात, काचेवरचे ओरखडे चमकू लागतात आणि खालचा मुलूख धुरकट, करडा दिसतो. सूर्य पाठीशी असला म्हणजे मात्र तेच डोंगर, तीच तळी आणि तीच शेते त्यांच्या खऱ्या रंगांत दिसतात. म्हणून आधी विमानाचे तोंड कोणत्या दिशेला असणार ते पाहावे, मग निघण्याची वेळ पाहावी आणि सूर्याच्या उलट बाजूची खिडकी घ्यावी.

आमच्या एका आत्याबाईंनी हे मला फार पूर्वी शिकवले. त्या खानापूर तालुक्यातल्या. वय सत्तरीच्या पुढचे, विमानात कधी पाऊल ठेवलेले नाही. लेकीचे घर बेंगळूरला आणि गुडघे दुखत असल्यामुळे रात्रभर बसमध्ये बसणे आता जमत नव्हते. पावसाळ्याचे दिवस होते, विमान सकाळचे होते आणि सोबतीला मी होतो. काउंटरवरच्या मुलीने मराठीतच विचारले, "आजी, खिडकी देऊ का?" आत्याबाईंनी उलट विचारले, "ऊन कुठल्या बाजूला येतंय?" मुलगी गोंधळली. आत्याबाईंनी मात्र तिथल्या तिथे हिशोब मांडला, "हे बघ बाळ, सकाळच्या बसनं धारवाडला जाताना ऊन डावीकडनं येतंय. विमान काय, त्याच अंगाला जाणार की! मला उजवीकडची दे."

हिशोब बिनचूक होता. बेळगावाहून धारवाड आग्नेयेला आणि बेंगळूरही आग्नेयेलाच, त्यामुळे रस्त्याचा नियम आकाशातही तसाच लागू पडला. त्यांना उजवीकडची पुढची खिडकी मिळाली. मला शेजारची जागा मिळाली नाही; त्याच बाजूला, पण अगदी मागे, शेपटीजवळ बसावे लागले. विमान पंख्यांचे, छोटे होते. या विमानात मागच्या दाराने चढतात आणि त्याचे पंख वरच्या बाजूला जोडलेले असतात, त्यामुळे खालचे पाहताना पंख आड येत नाही. (जाता जाता सांगतो, आग्रहाने खिडकी मागून घ्यायची आणि विमान उडताच झडप ओढून झोपायचे, ही रीत मला कधीच समजलेली नाही. झोपायचेच असेल तर मधली वाट काय वाईट आहे?)

धावपट्टी सोडल्यावर थोडा वेळ बाहेर नुसता करडा धूर होता. मग एकाएकी विमान ढगांच्या वर आले आणि खाली पांढरे पठार पसरले. त्या पठारावर आमच्याच विमानाची सावली पळत होती, पंखांसकट आणि शेपटीसकट, आणि सावलीभोवती रंगांचे गोल कडे होते, आत निळसर आणि बाहेरच्या कडेला तांबूस. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून लोक जे इंद्रवज्र पाहायला जातात, तेच हे. पट्टे सोडण्याची परवानगी मिळताच मी पुढे गेलो, तर आत्याबाई काचेला नाक लावून बसलेल्या. "बघितलास काय रे? कडं बरोबर विमानाच्या तोंडाभोवती आहे." मी म्हणालो, "नाही आत्या, शेपटीभोवती आहे. मी नीट पाहिलंय." त्या म्हणाल्या, "तुझे डोळे तपासून घे जा." शेवटी मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिले. कडे खरोखरच तोंडाभोवती होते. परत जाऊन माझ्या खिडकीतून पाहिले, तर ते पुन्हा शेपटीला!

श्रोतेहो, दोघांचेही खरे होते. सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि ढगातले बारीक थेंब त्याचा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात, म्हणून कड्याचा मध्य प्रत्येकाच्या स्वतःच्या डोळ्याच्या बरोबर समोर, सूर्याच्या थेट उलट दिशेला येतो. विमानाच्या सावलीत जिथे आपण बसलेलो असतो, तिथेच आपले कडे पडते. हे उतरल्यावर मी आत्याबाईंना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि लेकीला मात्र सांगितले, "ह्याचं कडं शेपटीला होतं."

आता लक्षात घ्या, हे इंद्रवज्र उन्हाच्या बाजूच्या खिडकीतून कधीही दिसत नाही. ते सावलीच्याच बाजूला दिसते, आणि ढग जवळ असतील तेव्हाच सावलीचा आकार ओळखू येतो. विमान फार उंच गेले, की सावली विरते आणि नुसते कडे उरते.

बाकीच्या मार्गांचे थोडक्यात सांगतो. मुंबई आपल्या वायव्येला, बरीचशी उत्तरेकडे झुकलेली. सकाळी जाणाऱ्याने डावी खिडकी घ्यावी, म्हणजे सावलीही मिळते आणि सह्याद्री व कोकणाची बाजूही. दुपारनंतर ऊन डावीकडे येते, तेव्हा उजवीकडे बसावे. दिल्लीलाही हाच नियम: सकाळी डावी, दुपारनंतर उजवी. हैदराबादचा मार्ग पूर्वेकडचा असल्यामुळे तिथे ऋतू पाहावा लागतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून जाताना डावी बाजू आणि येताना उजवी. आपल्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत माध्यान्हीच्या विमानाला कोणतीही खिडकी घेतली तरी चालते.

मोठ्या जेट विमानांत पंख खाली असतात, म्हणून मधल्या ओळींतून पंखाशिवाय फारसे काही दिसत नाही. तिथे अगदी पुढची किंवा अगदी मागची ओळ धरावी. तीन-तीन आसनांच्या विमानात ए म्हणजे डावी खिडकी आणि एफ म्हणजे उजवी. डावे-उजवे नेहमी विमानाच्या तोंडाकडे तोंड करून मोजायचे. आणि उडताना व उतरताना कर्मचारी झडप उघडी ठेवायला सांगतात, तेव्हा कुरकुर करू नये. काही विपरीत घडलेच तर बाहेर कोणत्या बाजूला धोका आहे ते आतून दिसावे आणि डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची सवय असावी, यासाठी ते असते. आत्याबाईंना हे कोणी सांगावे लागले नाही. त्यांनी बेंगळूर येईपर्यंत झडपेला हातच लावला नव्हता.