मागचा एक्सल बदलण्यापूर्वी

(नाशिक येथे गॅरेजचे कारागीर आणि पिकअपमालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, टोमॅटोचे क्रेट भरून कसारा घाट उतरणारी आणि परतीला भिवंडीचा माल घेऊन तोच घाट चढणारी पिकअप एक्सल तुटून उभी राहिली, की मालक तुमच्याकडे येऊन म्हणतो, मोठ्या गाडीचे हाउसिंग, म्हणजे एक्सलभोवतीचे कवच, आतल्या एक्सलसह बसवून द्या. तसे ते बसवताही येते. मात्र मूळ एक्सल कशाने तुटला, हे पाहिल्याशिवाय कामाला हात घालू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बऱ्याच हलक्या पिकअपना सेमी-फ्लोटिंग एक्सल असतो. त्यात एकच शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. वजनामुळे तो किंचित वाकलेल्या अवस्थेत फिरतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. चाकाचा व्यास 70 सेंटिमीटर धरला, तर हे किलोमीटरला साडेचारशेहून अधिक वेळा घडते. अशा थकव्याने तुटलेल्या शाफ्टच्या तोंडावर, ओसरत्या पाण्याने नदीघाटाच्या पायरीवर सोडाव्यात तशा रेषा दिसतात. याउलट स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे, दात पिळवटलेले असतील, तर दोष टॉर्कच्या, म्हणजे फिरवणाऱ्या जोराच्या, झटक्याचा. इंजिनाचा टॉर्क 200 न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर 4 आणि क्राउन-पिनियनचे (एक्सलमधले मोठे दातेरी चक्र क्राउन, त्याला फिरवणारे लहान ते पिनियन) 4.1 धरले, तर मागच्या चाकांपर्यंत घर्षण वजा न करता 3,280 न्यूटन-मीटर पोहोचतात. चढावर क्लच एकदम सोडला, तर क्षणभर त्याहूनही अधिक.

रेषा दिसल्या तर फुल-फ्लोटिंग एक्सलचा विचार जरूर करावा. त्यात हब दोन बेअरिंगांवर थेट हाउसिंगच्या टोकाशी बसतो, वजन हाउसिंग पेलते आणि शाफ्टकडे केवळ पीळ उरतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते, आणि घाटात या एका गुणासाठी एवढा खटाटोप करणे मला योग्य वाटते.

नवा एक्सल निवडताना क्राउन-पिनियनचे दात मोजा. 41 आणि 10 दातांच्या जागी 43 आणि 9 दातांची जोडी आली, तर त्याच वेगाला इंजिन सुमारे 17 टक्के अधिक फिरते. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल, तर पुढचे आणि मागचे गुणोत्तर जुळलेच पाहिजे.

खरी कसोटी पिनियनच्या कोनात आहे. गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर राहिले, तरच त्यांना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसमधील, म्हणजे वळत्या सांध्यांमधील, वेगाचे चढउतार परस्परांना रद्द करतात. ओढ लागली की कमानपाटे पिळतात आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून ते एक-दोन अंश खाली ठेवावे लागते. पाट्यांच्या बैठका आधी फक्त टाके मारून धरा, गाडीचे वजन चाकांवर येऊ द्या, कोन मोजा, आणि मगच वेल्डिंग पूर्ण करा; तेही थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, थांबत थांबत, कारण एका जागी उष्णता साठली की हाउसिंगची नळी वाकते. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलली, तर तो पुन्हा बॅलन्स करून घ्यावा.

ब्रेककडे होणारे दुर्लक्ष मला सर्वांत जास्त खटकते. ड्रम आणि व्हील सिलिंडर मोठे आले, की मास्टर सिलिंडरला अधिक तेल ढकलावे लागते आणि पेडल खोल जाते. भारानुसार मागचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी ज्या गाडीत एक्सलला जोडलेली असते, तिथे ती नव्याने जुळवली नाही, तर रिकाम्या गाडीची मागची चाके जाम होतात किंवा भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक अपुरा पडतो. कसाऱ्याला भरलेली गाडी उतरत असते, हे ध्यानात घ्या.

आता मालकांसाठी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या. एक्सल मजबूत झाला म्हणून नोंदलेले एकूण वजन वाढत नाही. चासी, टायर आणि पुढचा ब्रेक तेच असतात. उलट नवा एक्सल 40 किलोने जड असेल, तर कायदेशीर माल तेवढ्याच किलोने कमी होतो, तेव्हा बदल झाल्यावर रिकामी गाडी भुईकाट्यावर घाला आणि त्या नव्या आकड्यावरूनच क्रेटची संख्या ठरवा.