मोम्बासाच्या पाण्याखालचं ठाणे

(दृश्य : सकाळची अरुंद गल्ली, कोरीव लाकडी दरवाजे)

पहाटेची अजान होऊन गेलीय. दुकानांच्या फळ्या अजून उघडायच्या आहेत. केनियातल्या मोम्बासा बेटाच्या पूर्व कडेला हे जुनं शहर वसलंय. पश्चिमेच्या किलिंदिनी बंदरातला कंटेनरांचा खडखडाट इथवर येत नाही. आपण उभे आहोत तो रस्ता 'न्डिया कुउ', म्हणजे थोरला रस्ता. नाव थोरलं, पण समोरून टुकटुक आली की अंग चोरून भिंतीला लागायचं!

घरं प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची, छताला खारफुटीचे वासे. दाराशेजारी दगडी बैठक. तिला इथे 'बराझा' म्हणतात, आपण ओटा म्हटलं असतं. संध्याकाळी इथेच कडू कॉफीचे छोटे पेले फिरतात आणि गावभरच्या गप्पा रंगतात. कान दिला तर ओळखीचे शब्द सापडतात. पैशाला पेसा, गाडीला गारी, लाखाला लाकी. चपाती मात्र चपातीच.

(दृश्य : जुन्या बंदराच्या पायऱ्या, शिडाचं गलबत)

ही ओळख वाऱ्याने करून दिली. हिवाळ्यातला ईशान्येचा 'कास्काझी' भारताकडची, अरबस्तानाकडची गलबतं इथे आणायचा. मग नैर्ऋत्येचा 'कुसी' सुटला की ती परत फिरायची. आपल्याकडे पाऊस घेऊन येतो, तोच हा वारा.

(दृश्य : किल्ल्याची तटबंदी)

आणि हा फोर्ट जीझस. पोर्तुगीजांनी 1593 मध्ये तो बांधायला घेतला. आराखडा काइराती या इटालियन स्थापत्यकाराचा. कारभार मात्र गोव्याच्या व्हाइसरॉयकडे. त्यामुळे इथल्या गोष्टी सारख्या गोव्याकडे वळतात. इथला राजपुत्र युसुफ बिन हसन लहानपणीच गोव्याला नेला गेला. तिथल्या पाद्र्यांनी त्याला ख्रिस्ती करून वाढवलं, नाव ठेवलं दोम जेरोनिमो. गादीवर बसवायला त्याला परत आणलं, आणि 1631 च्या ऑगस्टमध्ये त्यानेच किल्लेदाराला मारून किल्ला घेतला. गोव्यातल्या शिकवणीचा हिशेब पार चुकला म्हणायचा. पुढच्याच वर्षी युसुफ किल्ला सोडून समुद्रावर निघून गेला आणि पोर्तुगीज परतले.

मग 1696 च्या मार्चमध्ये ओमानच्या अरबांनी वेढा घातला. तो पावणेतीन वर्षं चालला. तोफांपेक्षा रोगराईनेच आतली माणसं जास्त नेली. गोव्याहून मदतीला जहाजं यायची. त्यातलंच एक 'सांतो अंतोनियो द ताना'. ताना म्हणजे आपलं ठाणे. हे सागवानी जहाज वसईत बांधलेलं होतं. 1697 च्या ऑक्टोबरमध्ये ते या तटाखालीच बुडालं.

1698 च्या डिसेंबरात किल्ला पडला. काही दिवसांनी गोव्याचा आणखी एक काफिला क्षितिजावर आला. बुरुजावर ओमानचं निशाण दिसलं, आणि किनाऱ्याला न लागताच तो माघारी फिरला. पुढे 41 वर्षांनी वसईच्या किल्ल्यावर मराठ्यांचं निशाण चढलं, ती हकिगत आपल्याला पाठ असते. मोम्बासाची कुणी सांगत नाही.

(दृश्य : अंगणातल्या तोफा, मग निळं पाणी)

इंग्रजांनी या किल्ल्याचा तुरुंग केला. तो 1958 पर्यंत होता. आता इथे वस्तुसंग्रहालय आहे. 1977 पासून काही वर्षं पाणबुड्यांनी 'ताना' उकरलं. वर आलेल्या वस्तू आत कपाटांत मांडल्या आहेत. सांगाडा मात्र वर काढला नाही. मोजमापं घेतली आणि त्यावर पुन्हा वाळू लोटली.

तटावरून खाली पाहा. भरतीला मुलं दगडांवरून पाण्यात उड्या मारतायत. तिथून थोड्याच अंतरावर, वाळूखाली, वसईतल्या सुतारांनी जोडलेल्या फळ्या आहेत.