थकलेली वर्गणी, थकलेला आवाज

'सैराट झालं जी' ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांनी हात वर करा. एकही नाही ना? त्यातला बाईचा आवाज चिन्मयी श्रीपादाचा. मी पडले डबिंगवाली, त्यामुळे मला तिचं दुसरं काम जास्त जवळचं. तमिळमध्ये ती नायिकांना आवाज देते. '९६' या सिनेमात तृषा बोलते, ते चिन्मयीच्या आवाजात. तो सिनेमा ऑक्टोबर २०१८ मध्ये लागला आणि त्याच महिन्यात चिन्मयीने एका ज्येष्ठ गीतकाराविरुद्ध लैंगिक छळाबद्दल तोंड उघडलं. त्यांनी आरोप नाकारले. डबिंग कलाकारांच्या संघटनेच्या अध्यक्षांविरुद्धच्या तक्रारीही तिने पुढे आणल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये त्याच संघटनेने तिचं सदस्यत्व काढलं. कारण दिलं, दोन वर्षांची वर्गणी थकली. तिला ते मान्य नव्हतं. पण सदस्यत्व गेलं की माईक गेला. तृषाला तिचा आवाज पुन्हा मिळाला तो २०२३ मध्ये, 'लिओ'त. मधली पाच वर्षं कोणाच्या हिशेबात धरायची?

वर्गणी हा शब्द लक्षात ठेवा, कारण माझ्याही बाबतीत असाच एक साधा शब्द आला. स्टुडिओचं नाव सांगत नाही. बावीस-तेवीस वर्षांची नवी मुलगी होती, गर्दीचे आवाज द्यायला यायची. कोऑर्डिनेटर बूथमध्ये शिरायचा, दार लावायचा आणि 'भाव समजावतो' म्हणत तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. बूथला काच असते हो! मी बाहेर स्क्रिप्टवर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करत बसलेली, मला सगळं दिसत होतं. तिने तक्रार केली, मी साक्ष दिली. कोणी आवाज चढवला नाही. उलट चहा पाजला, 'ताई, तुमचं अगदी बरोबर आहे' म्हणाले.

आमचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, म्हणून मी वही ठेवते. तारीख, पात्र, किती तास. फेब्रुवारीत सोळा नोंदी आहेत, मार्चमध्ये अकरा, एप्रिलमध्ये दोन. एका मालिकेतल्या सासूला मी चार वर्षं आवाज देत होते. तीही गेली. विचारलं तर म्हणाले, 'तुमचा आवाज हल्ली थकल्यासारखा वाटतो.' अहो, सासू सत्तरीची होती, थकलेलाच हवा होता! हसा, मीही तेव्हा फोनवर हसले होते. कळायला दोन दिवस लागले. तिथे वर्गणी थकली, इथे आवाज थकला. त्या मुलीने नंतर हे क्षेत्रच सोडलं. तिचा आवाज चांगला होता, अगदी स्वच्छ 'ळ' म्हणायची. आता ऐकायला मिळत नाही तो.

दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे. ज्यासाठी बोलावलंत ते आता भराभर सांगते.

केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर हल्ला झाला, त्यानंतर मल्याळम सिनेमात बायकांना कसं काम करावं लागतं हे तपासायला न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल सरकारकडे गेला, लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ ला, तोही काही भाग वगळून. काम जाईल या भीतीने बायका गप्प राहतात, हे त्यात लिहिलेलं आहे. मधल्या काळात, २०२२ मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की सिनेमाच्या निर्मिती युनिटला तक्रार समिती हवीच.

पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी नोकरी डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार बाईला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. रोजावर जगणाऱ्या बाईला रजा कसली द्यायची? ती घरीच बसलेली असते. बदली करता येते, पण कुठून कुठे? शूटिंग संपलं की युनिटच उरत नाही. आणि तिला बोलावणं बंद केल्याचा कागद कुठेच नसतो, मग दाद मागायची कशाविरुद्ध?

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. तक्रारीनंतर वर्षभरात काम कमी झालं, तर ते का झालं याचं उत्तर निर्मात्याने लेखी द्यावं. सिद्ध करायचं ओझं बाईवर नको. आणि ज्या पदाधिकाऱ्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्या हातात तिचं सदस्यत्व नको.

वही मी बरोबर आणली आहे. चहाच्या टेबलावर ठेवते. नावांवर कागद चिकटवलेत, तारखा उघड्या आहेत.