भाऊसाहेब कुणाचे?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय सरकारी कर्मचारी आणि राजकीय पक्ष. नियम आधी भराभर उरकतो, कारण मला गोष्ट सांगायची घाई आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम 1979 चे. त्यातला पाचवा नियम म्हणतो, सरकारी नोकरानं कुठल्याही पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, वर्गणी द्यायची नाही, प्रचार करायचा नाही. मत जरूर द्यावं, पण कुणाला दिलं याचा सुगावा लागू द्यायचा नाही. आणि उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून मतदान केंद्रात बसला, तर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पण पक्षाच्या माणसांशी बोलायचंच नाही, असं कुठंही लिहिलेलं नाही. पुन्हा सांगतो, बोलायला बंदी नाही. निवेदन आणलं, घ्यावं, पोच द्यावी. दुसऱ्या पक्षाचा आला, त्यालाही तशीच पोच.

आता गोष्ट. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ श्रीवर्धन, दिवेआगरच्या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. खाडीकाठच्या एका गावात पोफळी अशा आडव्या पडलेल्या की वाडीत शिरायला कोयता लागत होता. तिथं पंचनाम्याला आमच्या ओळखीचे तलाठी भाऊसाहेब गेले, सोबत ग्रामसेवक आणि कृषी सहायक. गावाच्या तोंडाशीच वरच्या आणि खालच्या पाखाडीचे, म्हणजे वस्तीचे, दोन पुढारी उभे. दोघांच्या हातात याद्या. एक म्हणतो, "भाऊसाहेब, सुरुवात वरच्या पाखाडीपासून." दुसरा म्हणतो, "का? खालच्या पाखाडीत वारा आला नाही काय?"

भाऊसाहेबांनी दोन्ही याद्या घेतल्या, दोन्हींवर तारीख घालून सही केली आणि पिशवीत टाकल्या. म्हणाले, "ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीची यादी, काढा. घर नंबर एकपासून जाऊ."

नंबर एक निघालं वरच्या पाखाडीतल्या पुढाऱ्याच्या काकांचं! झाला गलका. खालचे ओरडायला लागले, आधीच ठरलेलं होतं! भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "बरं, शेवटच्या नंबरापासून येऊ." शेवटचा नंबर होता खालच्या पुढाऱ्याचा नवा बंगला. आता वरचे ओरडायला लागले.

शेवटी गेले एक नंबरलाच. काकांनी चाळीस पोफळी सांगितल्या. भाऊसाहेबांनी चुन्याची बादली मागवली. मोडलेल्या प्रत्येक बुंध्यावर फटकारा, आणि मोठ्यानं आकडा. मोजणी सत्तावीसवर थांबली. काका म्हणाले, "अरे, आपल्या माणसांसमोर तरी..." भाऊसाहेब म्हणाले, "काका, सत्तावीस. चुना मोजा." खालच्या पुढाऱ्याला आनंद झाला, पण तो त्याच्या वाडीत बादली येईपर्यंतच टिकला.

जाता जाता सांगतो, आमची बागायत गुंठ्यातली आणि मदतीचा हिशोब तेव्हा सुरुवातीला हेक्टरी! कोकणात हेक्टर कुणाच्या दारात बघितलाय? लावलेली पोफळ फळ धरायला पाच-सहा वर्षं घेते. असो, तो वेगळा विषय.

संध्याकाळी दोघांनी जेवायला बोलावलं. भाऊसाहेब धक्क्यावर बसून स्वतःचा डबा जेवले आणि तरीच्या होडीत बसून खाडीपलीकडे गेले, तिकीट काढून. आठवड्यात तहसीलला दोन तक्रारी आल्या. एकीत लिहिलेलं, तलाठी अमक्या पक्षाचा आहे. दुसरीत, तलाठी तमक्या पक्षाचा आहे. तहसीलदारांनी दोन्ही अर्ज वाचले, एकमेकांना टाचले आणि म्हणाले, "लावा फायलीला."

कुणी विचारेल, सरकारी माणसाला मतं नसतात काय? असतात की. आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. इंग्रजांच्या काळातले आय.सी.एस. अधिकारी, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे अर्थमंत्री झाले, 1952 ला आपल्या कुलाब्यातून, म्हणजे आताच्या रायगडातून, लोकसभेवर गेले, आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. राजकारण केलं, पण नोकरीतून बाहेर पडल्यावर. आणि हल्ली? मोबाईलच्या स्टेटसवर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फोटो, वर कार्यालयात शाल-श्रीफळ. नारळ कोकणात कमी आहेत का, की ते टेबलावरच फोडायचे?

तर श्रोतेहो, पाऊस तोंडावर आलाय. नमुना आठला आपलं घर बरोबर लागलंय का, ते ग्रामपंचायतीत जाऊन बघा. अर्ज दिलात तर आवक नंबर घातलेली पोच मागून घ्या. पोच घ्यायची, विसरायचं नाही. नमस्कार.