४१२ यार्ड

(दृश्य: पहाट. वाऱ्यावर हलणारं गवत. दूरवर मातीचे छोटे उंचवटे.)

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याचा पश्चिम भाग. नजर पोहोचेल तिथवर गवतच गवत. ना झाड, ना घर, ना विजेचा खांब. अंतराचा अंदाज बांधायला इथे डोळ्याला काहीच आधार नाही. समोरचा तो उंचवटा ३५० यार्डांवर असेल की ४५०? (यार्ड म्हणजे मीटरहून थोडा कमी.) अर्धं आयुष्य रायफल हाताळलेली माणसंही इथे फसतात.

उंचवट्यावर मागच्या पायांवर उभा आहे प्रेअरी डॉग. नावात डॉग, पण कूळ खारीचं. वजन साधारण एक किलो. १८०४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतल्या माणसांनी बिळात पिंपंच्या पिंपं पाणी ओतून एक जिवंत पकडला आणि पुढे तो राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्याकडे पाठवला. गुरं पाळणाऱ्यांना मात्र तो नको असतो. गवत खातो, कुरण पोखरतो. म्हणून तो उपद्रवी प्राण्यांत मोडतो आणि लांबून टिपला जातो.

आता हिशेब बघा. पॉइंट टू-टू-थ्री या छोट्या व्यासाच्या रायफलची हलकी, ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपासची गोळी. निशाणा २०० यार्डांवर जुळवलेला. ४०० यार्डांवर ती अर्ध्या मीटरहून थोडी जास्त खाली येते, ४५० वर पाऊण मीटरच्याही पुढे. पन्नास यार्डांची चूक म्हणजे वीतभराचा फरक, आणि समोरचा जीव जेमतेम चार बोटं रुंद.

(दृश्य: तिपाईवरचा रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र. बटणावर बोट.)

बटण दाबलं की डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड लेझर प्रकाशाचा स्पंद सुटतो, मातीवर आदळतो, परत येतो. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर या जाण्यायेण्याला त्यातले अडीच लागतात. तेवढा वेळ मोजून यंत्र आकडा दाखवतं. पहिला लेझर १९६० मध्ये कॅलिफोर्नियात थिओडोर मायमन यांनी चालवून दाखवला. आज तेच तंत्र शर्टाच्या खिशात मावतं.

तरी आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये. किरण पुढे जाता जाता पसरतो. साध्या यंत्राचा किरण चारशे यार्डांवर मीटरभर रुंद होऊ शकतो. प्राण्यावर रोखलात तरी अलीकडचं गवतच मोजलं जाईल, किंवा पलीकडचा उतार. म्हणून जाणकार शिकारी बिळाच्या तोंडाशी असलेली उघडी माती मोजतात. एकदा नाही, तीनदा. तीनही आकडे जुळले तरच वहीत टिपतात. हे काम ऊन चढायच्या आत उरकायचं, कारण भर उन्हात परतणारा क्षीण प्रकाश ओळखणं यंत्राला जड जातं.

मला ही वही फार मोलाची वाटते. अंदाजाने झाडलेली गोळी प्राण्याला जखमी करून बिळात धाडते. तो आत तडफडत राहतो आणि वर कुणाला काही कळत नाही. ज्याला एवढं मोजायचा कंटाळा आहे, त्याने रायफल घरीच ठेवावी.

याच बिळांच्या आधाराने काळ्या पायांचा फेरेट जगतो, मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी. तो नामशेष झाला असं मानलं जात होतं. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मिटीट्सीजवळ एका कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला, तेव्हा तो अजून टिकून असल्याचा उलगडा झाला. त्याचं मुख्य अन्न प्रेअरी डॉगच. इथल्या कोनाटा बेसिनमध्ये फेरेट पुन्हा सोडले गेले आणि तिथे प्रेअरी डॉगवर बंदूक चालवायला बंदी आहे. ती हद्द नकाशावर आधीच बघून यावी लागते.

(दृश्य: रेंजफाइंडरच्या भिंगातून. लाल आकडा.)

४१२. पुन्हा ४१२. तिसऱ्यांदाही तोच.

एवढ्यात उंचवट्याशेजारचं गवत डावीकडे झुकतं. आडवा वारा सुटलाय. तो किती जोराचा आहे, हे या यंत्राला मोजता येत नाही. शिकारी ट्रिगरपासून बोट काढतो आणि वाट बघतो. गवत पुन्हा सरळ होईपर्यंत उंचवटा रिकामा झालेला असतो. तो वही उघडतो आणि त्या बिळापुढे आकडा लिहून ठेवतो.