साक्ष तीच, निकाल वेगळे

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. भावानं केलेल्या तक्रारीवरून एका आदिवासी मुलीला जबाबासाठी बोलावलं होतं. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. रात्री साडेदहाच्या सुमारास सोबतच्या माणसांना बाहेर जायला सांगितलं, तिला मात्र थांबवून घेतलं. थोड्या वेळानं ठाण्यातले दिवे मालवले गेले. दार आतून बंद. बाहेरची माणसं तिच्या नावानं हाका मारत राहिली.

ठाण्यात आपल्यावर बलात्कार झाला, असं तिनं सांगितलं; आरोपी होते तिथलेच दोन पोलीस. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं तिला खोटारडी ठरवलं आणि दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं खंडपीठानं स्पष्ट केलं. एका पोलिसाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, मग प्रतिकार केल्याचं ती सांगते ते खोटं, असा तो तर्क होता.

या सगळ्या काळात तिच्या जबानीतला एक शब्दही बदलला नव्हता. अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहत नाही. न्यायाधीशांसमोर असतात ते कागद: जबानी, उलटतपास, पंचनामा, डॉक्टरांचा अहवाल. घाबरलेली मुलगी कशी वागेल, याची न्यायाधीशाच्या मनातली कल्पनाच मग त्या कागदांना अर्थ देते. पोलीस ठाण्यात, पोलिसांच्याच तावडीत सापडलेल्या मुलीकडून जखमांचा पुरावा मागणं हा तिच्यावर झालेला दुसरा अन्याय होता.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं तिनं सांगितलं, तर न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं. पीडितेची ओळख उघड करणंही गुन्हा ठरलं.

१९९० मध्ये नागपूरचंच बलात्काराचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. आरोपी पोलीस उपनिरीक्षक. सत्र न्यायालयानं शिक्षा दिली होती, उच्च न्यायालयानं सोडलं होतं. पीडितेला गुन्ह्यातल्या साथीदारासारखं संशयानं पाहता येणार नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं त्याला पुन्हा दोषी ठरवलं.

पंजाबमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये दिलेला निकाल तर बारकाईनं वाचावा असा आहे. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मुलीला गाडीतून पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार केला होता. आरोपींना सोडणाऱ्या कनिष्ठ न्यायालयाचे आक्षेप काय होते? गाडी कोणत्या कंपनीची, हे तिला ओळखता आलं नाही. वाटेत ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पेपर दिला, पण शाळेत कुणाला सांगितलं नाही, घरी येऊन आईला सांगितलं. न्यायमूर्ती आनंद यांच्या खंडपीठानं हे आक्षेप फेटाळले. अशा वेळी मुलीनं आधी आईला सांगावं यात अस्वाभाविक काय आहे? आरोपींना शिक्षा झाली.

म्हणजे पीडितेची साक्ष विश्वासार्ह वाटली, तर एकट्या तिच्या आधारावरही शिक्षा होऊ शकते. किरकोळ विसंगतींनी ती कोसळत नाही. पण साक्षीच्या गाभ्यालाच तडा असेल, तर न्यायालय इतर पुरावा शोधतं. २०१२ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात तो मिळाला नाही, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं आरोपींची शिक्षा रद्द केली.